टोपणनाव टिटवी

हेन्द्रे, ९ फेब्रुवारी १८८९

ताई,

आई जिवंत आहे. हे आधी लिहिलं, कारण अकरा वर्षांनी घरचं पत्र हातात पडलं की पहिली भीती तीच वाटते.

दुधाच्या खोलीत बसून लिहितेय. दाराला आतून रिकामी बादली टेकवून ठेवलीय, म्हणजे कोणी दार ढकललं तर आधी ती ओरडेल. ग्रिफिथ बाजाराला गेलाय. हो, मी त्याच्याशी लग्न केलं. तोच तो, चॅपलमध्ये गाताना सगळ्यांच्या पुढे धावणारा. आता चॅपलचा कारभारी डीकन झालाय आणि पुढच्या बाकावर लोकांकडे तोंड करून बसतो, त्यामुळे जरा सावकाश गातो.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली होती. पॅटागोनियातला वारा, मातीची घरं, तुझ्या मुलीचा जन्म, सगळं वाचलं. एकाचंही उत्तर दिलं नाही. का, ते या पत्रात नको.

आज लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. ऑगस्टमध्ये आपल्या दरीत मोठा काव्यमेळा भरणार आहे आणि मानाची खुर्ची जिंकून देणाऱ्या कवितेचा विषय जाहीर झालाय: दार. मी कविता पाठवणार आहे. हसू नकोस. दोनशे चाळीस ओळी आहेत, साखळीच्या वृत्तात, ओळीच्या पहिल्या अर्ध्यातली व्यंजनं दुसऱ्या अर्ध्यात त्याच क्रमाने परत येतात तसल्या, आणि एकाही ओळीत व्यंजनांची कडी तुटलेली नाही. टोपणनाव टिटवी. खरं नाव बंद पाकिटात जातं आणि फक्त जिंकणाऱ्याचंच पाकीट फोडतात, म्हणजे हरले तर कोणाला काही कळायचं नाही. ती खुर्ची आजवर एकाही बाईला मिळालेली नाही, तेव्हा हरणार हे धरूनच चाललेय.

पण कवितेत तू आहेस. नाव नाही, पण चॅपलच्या बंद दाराबाहेर एक मुलगी उभी आहे, दिवस गेलेली, आणि आत तिला सभासदांतून काढून टाकायचं ठरतंय. आपल्या सालेम चॅपलमधलं शेंबडं पोरही ओळखेल. पाळकसाहेब तर पहिल्याच ओळीला ओळखतील. तुला काढलं त्या दिवसापासून तुझं नाव इथे कोणी तोंडातून काढत नाही, आईसुद्धा. आणि मी ते सगळं भर मंडपात वाचायला देणार. 

पाठवू का? एवढंच विचारायचंय. हे पत्र तुला मे महिन्यात मिळेल आणि कविता एक जूनला द्यायची आहे. तुझं हो किंवा नाही येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे मला कळतं. तरी विचारतेय.

पत्र इथल्या टपालात टाकणार नाही. पोस्टातली बाई पाकिटावरचा पत्ता मोठ्याने वाचते. लोकर घेऊन डोंगरापलीकडे जाईन तेव्हा तिकडे टाकीन.

लूनेद

हेन्द्रे, १६ एप्रिल

ताई,

कोकरांचे दिवस आहेत. ग्रिफिथ दिवसभर वरच्या कुरणात असतो, म्हणून कविता स्वच्छ उतरवायला वेळ मिळतोय.

अक्षराची मोठी पंचाईत झालीय. या दरीतल्या प्रत्येकाला पाळकसाहेबांनीच रविवारच्या शाळेत लिहायला शिकवलं, त्यामुळे कोणाच्या अक्षराची शेपूट कुठे वळते ते त्यांना झोपेतही सांगता येईल. इतर लोक दुसऱ्या कोणाकडून तरी उतरवून घेतात. मी कोणाकडे जाऊ? शेवटी लहानपणी आपण कापडावर टाक्यांनी अक्षरं काढायचो ना, तशी सुटी, चौकोनी अक्षरं काढतेय. एका ओळीला पाव तास लागतो. जिन्यावर पाऊल वाजलं की पान एप्रनखाली, आणि मग शाईचे डाग पोटावर.

काल आईने पकडलंच.

"काय चाललंय?"

"भरतकामाचा नमुना."

"कागदावर?"

"आधी कागदावर काढून घेते."

"बरं." दारापर्यंत गेली आणि तिथूनच, मागे न बघता म्हणाली, "नमुना पिठाच्या पेटीत ठेवत जाऊ नकोस. मी रोज तिथे हात घालते. गेली अकरा वर्षं घालतेय."

 म्हणजे तिला सगळं माहीत होतं, आणि ती त्या पानांवरून रोज पीठ काढत होती.

आता तुलाही कळलंच असेल. पेटीच्या तळाशी बारा पानं कोणी ठेवली होती हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कविता माझी नाही, तुझी आहे. मागचं पत्र पुन्हा बघ, 'लिहिली' असं मी कुठे म्हटलेलंच नाही, 'पाठवणार' म्हटलंय. वकिलाने लिहावं तसं लिहिलं होतं. तुझ्याशीसुद्धा.

शनिवारी पाळकसाहेब तरुण पोरांना वृत्त शिकवायचे तेव्हा तू दिव्यांच्या काचा पुसत बसायचीस. आठ दिव्यांना तुला तीन तास लागायचे. मी आईला सांगायचे, ताई कामचुकार आहे. आता तुझ्या ओळी उतरवताना कळतंय की त्या तीन तासांत तू काय करत होतीस. ती पोरं आता चाळिशीला आलीत, अजून त्यांच्या कड्या जुळत नाहीत.

पण तुझी कविता अर्धी आहे. मुलगी दाराबाहेर उभी, आत बाकं कुरकुरतात, आणि पान संपतं. पुढचं तुला दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं. म्हणून शेवटच्या तीस ओळी मी जोडल्यात. त्यांत काय आहे ते नंतर सांगेन.

भीती वाटते, ताई. तरी हात थांबत नाही.

लूनेद

हेन्द्रे, २० जून

ताई,

कविता गेली. परत घ्यायची सोय नाही, आणि गेल्यापासून मला नीट जेवण जात नाही.

गुरुवारी पाळकसाहेब चहाला आले. मी ताकाच्या पोळ्या तव्यावर टाकत होते आणि कान मागे होता.

"सात कविता आल्यात म्हणे," ते ग्रिफिथला म्हणाले. "त्यातली एक माझी, तुमच्यापासून काय लपवायचं."

"यंदा खुर्ची तुमचीच, पाळकसाहेब. वीस वर्षं झाली तुम्ही लिहिताय."

"एकवीस." मग म्हणाले, "एक आहे टिटवी नावाची. चमत्कारिक नाव. टिटवी घरट्यापासून लांब जाऊन ओरडते, माणसाने भलतीकडेच शोधावं म्हणून. नाही का, लूनेद?"

"मला काय ठाऊक. मी आपली कोंबड्यांवाली."

"तिचा विषय चॅपलच्या आतला आहे, असं कानावर आलंय. चॅपलमधलं चॅपलमध्ये राहिलेलं बरं. ज्याची कोणाची असेल, त्याने चिटणिसांना गाठून परत मागितली तर मी ते मोठेपणच समजेन. नाहीतर माणसाला पुढच्या बाकावर बसणं अवघड होतं."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ग्रिफिथकडे बघत होते. कळलं तुला? त्यांना वाटतंय टिटवी म्हणजे माझा नवरा. ज्याला मेंढ्यांची यादी करतानाही दोनदा विचारावं लागतं, तो. आणि ग्रिफिथ बिचारा मान डोलावत म्हणाला, "खरंय, कोणीतरी समज द्यायला हवी त्या माणसाला." मला हसू आलं. पोळी करपली.

आता दुसरं. हे मी एप्रिलनंतर केलं, म्हणून तुला अजून ठाऊक नाही. पाकिटात मी माझं नाव घातलंय. मी स्वतःला सांगितलं की काढून टाकलेल्या बाईचं नाव बघून परीक्षक कविता बाजूला ठेवतील. पण ते तर निकालाआधी पाकीट फोडतच नाहीत, मग ते नाव बघणार कुठून? खरी गोष्ट एवढीच की लिहिताना हात माझ्या नावाकडे वळला आणि मला बरं वाटलं. लाख लावून होईपर्यंत मी कवयित्री होते. मग लाख सुकली आणि मी चोर झाले.

तुझ्या पहिल्या पत्रात एक वाक्य आहे. 'आत सगळे हात वर करत असताना तू मांडीवर हात ठेवून बसली असशील, एवढ्या एका विचारावर मी समुद्र ओलांडला.' ते पत्र मी पुन्हा कधी उघडलं नाही. वाक्य पाठ आहे.

लूनेद

हेन्द्रे, १२ ऑगस्ट

ताई,

मेळा परवावर आला. तुझं काही उत्तर नाही. रोज डोंगरापलीकडच्या टपालात जाऊन विचारायची हिंमत होत नाही, एकदाच गेले.

सगळीकडे बोलणं चाललंय की खुर्ची यंदा रिकामी राहणार नाही आणि जिंकणारा आपल्याच दरीतला आहे. पाळकसाहेबांच्या बायकोने नवा कोट शिवून घेतला. लोक त्यांना रस्त्यात थांबवून हात मिळवतात आणि ते 'अजून कुठे काय' म्हणत हात लांब करतात.

आणि ग्रिफिथला कळलं. लोहाराकडे कोणीतरी सांगत होतं की टिटवीचं अक्षर पोरींच्या भरतकामासारखं आहे, एकेक अक्षर टाक्याने काढल्यासारखं. सगळे हसले, हाही हसला. मग घरी येऊन चुलीवरच्या भिंतीसमोर उभा राहिला. तिथे माझा नमुना टांगलेला आहे ना, आठ वर्षांची असताना काढलेला, खाली नाव घातलेला. बराच वेळ टोपी हातात धरून बघत होता. मी बटाटे सोलत होते. सोलता सोलता एक बटाटा पार संपवला.

"पाळकसाहेब माझ्याकडे का बघत होते ते आता कळलं," तो म्हणाला.

मी दुसरा बटाटा घेतला.

"हाविसबद्दल आहे ते?"

अकरा वर्षांत या घरात तुझं नाव पहिल्यांदा त्याने घेतलं. मी मान हलवली.

"जिंकलीस तरी उठू नकोस, लूनेद. तुतारी वाजेल, टोपणनाव पुकारतील, कोणी उठणार नाही. लोक चार दिवस बोलतील. पाचव्या दिवशी गवत कापायचं असतं."

"आणि उठले तर?"

"तर तुलाही काढतील." मग एकदम खाली बसला. "मलाही पुढच्या बाकावरून उठवतील. मी वाईट माणूस नाही गं. मला फक्त तिथे बसायला आवडतं."

रागावला असता तर मी भांडले असते. तो घाबरलाय, माझ्याइतकाच. मी म्हटलं, "नाही उठणार." पण त्याला पाकिटाचं सांगितलं नाही. कोणी उठलं नाही तर ते पाकीट फोडून नाव वाचतील, आणि आत मी आहे. म्हणजे बसून राहिले तरी सुटका नाही. उठले तर तुझ्या कवितेवर खुर्ची मिळवणारी चोर ठरेन, न उठले तर वर भित्रीही ठरेन. 

जिंकणार नाही, असं मी रोज सकाळी म्हणते. मग ओळी आठवतात आणि कळतं की जिंकणार.

लूनेद

हेन्द्रे, १७ ऑगस्ट

ताई,

झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर मधूनच पळून जाईन.

मंडपात चार हजार माणसं होती. आपल्या चॅपलची बाकं उजवीकडे, मी ग्रिफिथ आणि आईच्या मध्ये. परीक्षक उठले आणि सहा कविता एकेक करून सोलून ठेवल्या. पाळकसाहेबांची तिसरी होती. 'विद्वान, निर्दोष आणि थंड' एवढंच म्हणाले. त्यांचे कान मागून लाल झालेले दिसले. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

मग टिटवी. परीक्षक म्हणाले, दोनशे दहा ओळी उस्तादाच्या आहेत, आजच्या घडीला असं वृत्त हाताळणारी तीन माणसं देशात नसतील. शेवटच्या तीस लंगड्या आहेत, दोन ठिकाणी साखळी तुटलीय. (एकही तुटलेली नाही असं मी तुला लिहिलं होतं.) पण त्या तिसांशिवाय खुर्ची दिली नसती, म्हणाले, कारण तिथे बोलणारा स्वतःला सोडत नाही.

तुतारी वाजली. "टिटवी, आणि फक्त टिटवी, उभी राहो." सगळ्या माना वळल्या, निम्म्या पाळकसाहेबांकडे. ग्रिफिथने माझी बाही घट्ट धरली. दुसऱ्यांदा तुतारी वाजली.  मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत म्हणाली, "पीठ झटक अंगावरचं." अंगावर पीठ नव्हतंच. मी उठले आणि ग्रिफिथने बाही सोडली. त्याने सोडली हे लक्षात ठेव, पुढे त्याच्याबद्दल काही कडू लिहिलं तरी.

व्यासपीठावर मेळ्याचे मुख्य कवी खाली वाकले. म्हातारे, दगडखाणीतले, नख फुटलेला अंगठा. "बाई, यजमानांच्या वतीने आलात का? ते आजारी आहेत?"

"नाही."

चिटणिसांनी पाकीट फोडलं आणि माझं नाव वाचलं. ताई, तो आवाज तुला कसा सांगू. मागच्या बायका बाकांवर चढल्या. कोणीतरी रडत होतं. पहिली बाई, पहिली बाई, असं मंडपभर चाललं होतं. दोघांनी माझे हात धरून मला खुर्चीकडे नेलं. तुझ्यापासून लपवत नाही, दोन पावलं उरेपर्यंत मी बसणार होते. तू सात हजार मैलांवर. कोणाला कळणार होतं?

मग बसायला वळले आणि आमच्या डीकनांचं पुढचं बाक दिसलं. तिथे बसून ते सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी तसेच, त्या दिवशी बघत होते तसेच. मी हात सोडवून घेतले.

"पाकिटातलं नाव खोटं आहे," मी म्हटलं.

"मोठ्याने बोला बाई."

"कविता माझ्या बहिणीची आहे. हाविस, हेन्द्रेची. सालेम चॅपलने जिला काढून टाकलं ती. ती पॅटागोनियात असते. शेवटच्या तीस लंगड्या ओळी तेवढ्या माझ्या."

 म्हाताऱ्याने चिटणिसाच्या कानात काही विचारलं, मग मला म्हणाले, "दूर असलेल्या कवीच्या वतीने कोणी उभं राहिलं तर चालतं. खुर्चीला धरून उभ्या राहा. बसायचं नाही."

मी हातांनी खुर्ची धरली. रिकाम्या खुर्चीवर त्यांनी तलवार अर्धी म्यानाबाहेर काढली आणि विचारलं, "शांती आहे का?"

लहानपणी तू आणि मी हे तंबूच्या कापडाखालून डोकावून बघायचो आणि सगळ्यांच्या आधी 'आहे' ओरडायचो; तीनदा तसं उत्तर आलं तरच खुर्ची मिळते. या वेळी कोणी ओरडलं नाही. तलवार तशीच वर धरलेली, म्हाताऱ्याचं मनगट थरथरतंय, आणि मला वाटलं आता ती खाली ठेवतील, तुझं नाव पुन्हा अकरा वर्षांसाठी पुरलं जाईल. मग मागून खाणीतल्या माणसांनी आवाज दिला, "आहे." त्यांना आपलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आमच्या बाकावरून एकच बारीक आवाज आला. आईचा. तिने तो शब्द असा म्हटला, जणू भाकरी झालीय म्हणून सांगतेय. तिसऱ्यांदा सगळा मंडप म्हणाला. पाळकसाहेबांचे ओठ हलले नाहीत. ग्रिफिथ म्हणाला की नाही, मला दिसलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. घरी आल्यावर खुर्ची त्यानेच उचलून आत आणली आणि तिच्यावर पोतं टाकलं, धूळ बसू नये म्हणून.

उद्या उपासनेनंतर सभासदांची बैठक आहे. मला बाहेर थांबायला सांगितलंय. मला उद्याची भीती वाटते. पण या पानाची जास्त वाटतेय, म्हणून आता लिहून टाकते.

तीस ओळी सोबत आहेत. वृत्तात माणसाला लपता येतं, म्हणून आधी साध्या शब्दांत ऐक. तुला बाहेर पाठवल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "सुरुवात घरच्यांनी करावी." आईने मान खाली घातली. मी एकोणीस वर्षांची होते आणि पुढचं सगळं बाक माझ्याकडे बघत होतं. पहिला हात माझा वर गेला, ताई. कोणी धरून वर केला नाही. बाकीचे माझ्या मागून आले. तुला वाटत होतं मी हात मांडीवर ठेवून बसले. त्या विचारावर तू समुद्र ओलांडलास, आणि तो खोटा होता, आणि मी तो अकरा वर्षं खोटाच राहू दिला. म्हणून तीन पत्रांना उत्तर नव्हतं.

मंडपात त्यांनी तीनदा विचारलं आणि तीनदा मी गप्प होते. मला उत्तर द्यायचा हक्क नव्हता. तो तुझा आहे.

शांती आहे का?

उत्तर यायला सहा महिने लागतील. नाही असलं तरी लिही.

लूनेद